जुन्या गोव्याचं संग्रहालय जहाजांसाठी कसं पाहावं: धक्का, वीरगळ, दिवाडीची फेरीबोट, एका दिवसाचा क्रम

दर डिसेंबरात आमच्या डिचोलीच्या घरी पुण्या-साताऱ्याकडचे पाहुणे येतात आणि एक दिवस जुन्या गोव्यासाठी ठेवतात. संध्याकाळी परतले की मी विचारते, "म्युझियम पाहिलंत?" उत्तर ठरलेलं असतं. "पाहिलं की. जुनी चित्रं आहेत, दगड आहेत." "आणि जहाजाचा दगड?" "जहाज? ते कुठं होतं?"

तो दगड तिथंच असतो आणि मंडळी त्याच्या समोरूनच गेलेली असतात. पाय दुखत असतात, मुलांना तहान लागलेली असते, चर्च पाहून डोळे थकलेले असतात आणि संग्रहालय सगळ्यात शेवटी, दुपारी चारला गाठलेलं असतं. मला याची फार हळहळ वाटते. आपल्या किनाऱ्यावरची आठ-नऊशे वर्षांपूर्वीची गलबतं कशी होती, हे दगडात पाहायला मिळेल अशा जागा फार थोड्या आहेत आणि त्यातली एक इथं आहे.

पुरातत्त्व खात्याचं हे संग्रहालय सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून असलेल्या जुन्या मठात आहे. इथं 'सागरी इतिहास' अशी पाटी लावलेलं एकच दालन शोधत बसू नका. समुद्र या इमारतीत विखुरलेला आहे. थोडा तळमजल्याच्या दगडांत, थोडा वरच्या चित्रांत, आणि बराचसा इमारतीबाहेर, मांडवीच्या धक्क्यावर. म्हणून क्रम महत्त्वाचा. हा क्रम मी पाहुण्यांबरोबर बऱ्याच वेळा करून पाहिला आहे.

## १. निघण्याच्या आदल्या दिवशी

वार पाहा. पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, हेही त्यात आलं. चर्च मात्र शुक्रवारी उघडी असतात. त्यामुळे लोक निर्धास्त येतात आणि बंद दारासमोर उभे राहतात. एका वर्षी मीच मामे-सासऱ्यांना घेऊन शुक्रवारी गेले. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं, पुन्हा गोव्याला येणं त्यांना जमलं नाही. तेव्हापासून पाहुण्यांचा कार्यक्रम ठरवताना मी आधी कॅलेंडर काढते.

तारीख पाहा. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं आणि त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना चालतात. त्या दिवसांत रस्ते, पार्किंग, फेरीबोट सगळीकडे गर्दी असते. फेस्त बघायचं असेल तर जरूर या, पण संग्रहालयासाठी दुसरा दिवस काढा.

गावाचं नाव नीट सांगा. ही चूक बसने येणाऱ्यांची हमखास होते. पोर्तुगीज काळापासून जुन्या गोव्याला 'वेल्हा गोवा' म्हणतात. आणि 'गोवा वेल्हा' नावाचं गाव वेगळंच आहे, पणजीहून मडगावला जाताना, झुवारीच्या बाजूला. शब्द तेच, क्रम उलटा. कंडक्टरला "वेल्हा गोवा" म्हणालात तर तो तुम्हाला कुठं उतरवेल सांगता येत नाही. सरळ "ओल्ड गोवा, चर्चपाशी" म्हणा. मोबाइलवर नकाशा लावतानाही हीच काळजी घ्या. (गोवा वेल्हा हे नाव मात्र लक्षात ठेवा. दगडापाशी पोचल्यावर ते लागणार आहे.)

कसं यायचं. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून फोंड्याकडे जाणाऱ्या बऱ्याच बस जुन्या गोव्यावरून जातात. अंतर दहाएक किलोमीटर. कोकण रेल्वेनं येत असाल तर मडगावपर्यंत जाऊन उलट येण्याचा त्रास घेऊ नका. जुन्या गोव्याला जवळचं स्टेशन करमळी. तुमची गाडी तिथं थांबते का, हे तिकीट काढतानाच पाहा.

सोबत काय घ्यायचं. पाण्याची बाटली, टोपी, सुटे पैसे, एक छोटी वही आणि पेन्सिल. वही मुलांसाठी सांगते आहे, पण मोठ्यांनाही उपयोगी पडते. चर्चमध्येही डोकावणार असाल तर खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे. सामानाची मोठी बॅग आणू नका, ती कुठं ठेवायची या विवंचनेत निम्मा वेळ जातो.

> तपासा: आज शुक्रवार नाही ना? सकाळी नऊच्या आसपास जुन्या गोव्यात पोचताय ना? दोन्हीला 'हो' नसेल तर दिवस बदला.

## २. आधी धक्का, मग दार

बसमधून उतरलं की समोर चर्च दिसतात आणि पाय आपोआप तिकडे वळतात. वळू देऊ नका. सरळ नदीकडे चला. रस्त्यात व्हाइसरॉयची कमान लागेल. तिच्याखालून पार जा आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर उभे राहा. वीस मिनिटं इथं द्यायची आहेत, ऊन चढायच्या आत.

आता मागे वळून कमानीकडे बघा. नदीच्या बाजूला, कमानीच्या वरच्या अंगाला वास्को द गामाचा पुतळा आहे. त्याचा पणतू फ्रान्सिस्को द गामा इथं व्हाइसरॉय असताना, सोळावं शतक संपता संपता, ही कमान उभी राहिली. आज दिसते ती १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. पुतळ्याचं तोंड नदीकडे आहे. जहाजातून उतरणाऱ्याला तो सगळ्यात आधी दिसावा म्हणून. शहराचं पुढचं दार हे होतं. आज आपण बसने मागच्या दारानं येतो आणि सगळं उलटं बघत जातो. म्हणून मी आधी धक्क्यावर नेते.

पाण्याकडे बघताना दोन गोष्टी डोक्यात ठेवा, वरच्या मजल्यावर त्यांचा उपयोग होईल.

पहिली, वाऱ्याचं वेळापत्रक. लिस्बनहून जहाजं साधारण मार्च-एप्रिलात निघत आणि पावसाळ्याचा जोर ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात इथं लागत. परतीचा प्रवास डिसेंबर-जानेवारीत सुरू होई. माणसाच्या मर्जीवर काही नव्हतं.

दुसरी, नदीचं तोंड. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी समुद्र इतका खवळतो की शिडाचं जहाज आत अडकलं की अडकलं. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं गोवा घेतला, पण मे महिन्यात आदिलशाही फौजेनं त्याला शहराबाहेर काढलं. तोवर पाऊस लागला होता. त्याची जहाजं अख्खा पावसाळा या नदीतच अडकून पडली, धड बाहेर जाता येईना, धड किनाऱ्यावर उतरता येईना. अन्न संपत आलं. ऑगस्टात वाट मोकळी झाली तेव्हा तो निसटला आणि २५ नोव्हेंबरला परत येऊन त्यानं शहर घेतलं. धक्क्यावर उभं राहून हे सांगितलं की मुलं नदीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

> सावध: धक्क्याचा उतार ओहोटीच्या वेळी शेवाळलेला असतो. फोटोसाठी पाण्याच्या कडेपर्यंत जाऊ नका. गाड्या चढत-उतरत असताना उतारावर थांबू नका.

## ३. तिकीट खिडकीशी एक प्रश्न विचारा

धक्क्यावरून संग्रहालय पायी काही मिनिटांवर. से कॅथेड्रलच्या शेजारून आत जा. तिकीट किरकोळ रकमेचं आहे. ते घेताना फक्त एवढं विचारा: "जहाज कोरलेला वीरगळ सध्या कुठं ठेवलाय?"

संग्रहालयांत मांडणी अधूनमधून बदलते. मागच्या वेळी डावीकडे असलेली वस्तू या वेळी दुसऱ्या दालनात असू शकते. नेमकी वस्तू विचारणाऱ्या माणसाला कर्मचारी मनापासून मदत करतात. एका पहारेकऱ्यानं आम्हाला नुसतं बोटानं दाखवलं नाही, सोबत येऊन दगडाशी उभं केलं आणि "इकडून बघा, इकडून नीट दिसतं" म्हणून जागा दाखवली. ती जागा मी पुढच्या टप्प्यात सांगते.

फोटोचंही इथंच विचारून घ्या. परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवा.

## ४. वीरगळ: खालून वर वाचायचा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. घाई करायची असेल तर बाकी सगळीकडे करा, इथं करू नका.

(अ) आधी वीरगळ ओळखा. तळमजल्यावर उभे दगड बरेच आहेत, सगळे वीरगळ नाहीत. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दिसला तर ती सतीशिळा. ओळीमागून ओळी अक्षरंच असतील तर तो शिलालेख. आडव्या पट्ट्यांत, एकावर एक चौकटींत माणसं कोरलेली असतील तर तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाची आठवण. आपल्याकडे सातारा-कोल्हापूर भागात देवळाच्या आवारात असे दगड पडलेले असतात, शेंदूर फासलेले. तुम्ही ते लहानपणापासून पाहिले असतील, फक्त त्यावर जहाज पाहिलं नसेल.

(आ) तळापासून सुरुवात करा. बहुतेकांची चूक इथं होते. आपण पुस्तकासारखं वरून खाली वाचतो. वर शिवलिंगाची पूजा दिसते, "काहीतरी धार्मिक आहे" म्हणून पुढे सरकतो. वीरगळ उलटा आहे. सगळ्यात खालच्या पट्टीत लढाई आणि मरण. मधल्या पट्टीत अप्सरा वीराला वर नेताना. सगळ्यात वर तो देवाजवळ पोचलेला, शिवलिंगाची पूजा करताना. शेंड्याशी बऱ्याचदा चंद्र-सूर्य असतात, ते असेपर्यंत ही कीर्ती राहो म्हणून. म्हणजे गोष्ट जमिनीपासून आभाळाकडे चढत जाते. जहाज शोधायचं ते खालच्या, लढाईच्या पट्टीत. तिथवर नजर न्यायला बहुतेकांना वाकावं लागतं आणि लोक वाकत नाहीत, एवढंच कारण आहे जहाज न दिसण्याचं.

(इ) बाजूला उभे राहा. समोरून पाहिलं की दगड सपाट, काळपट दिसतो. त्या पहारेकऱ्यानं आम्हाला दोन पावलं बाजूला सरकवलं. दगडाला तिरकस बघता येईल असं. कोरीव उठाव तिरक्या उजेडातच उमटतो. माझी भाची तेव्हा नऊ वर्षांची, ती खाली उकिडवी बसली, डोकं तिरकं केलं आणि ओरडली, "आत्या, हे वल्ही मारतायत!" त्या क्षणापर्यंत मलाही तो नुसता खडबडीत पट्टा दिसत होता. मग एकेक माणूस दगडातून वर आला. डोकी, खांदे, पाण्यात घुसलेली वल्ही.

(ई) आता मोजा आणि काढा. वही इथं बाहेर काढायची. फोटो काढून पुढे गेलात तर काही लक्षात राहत नाही. हातानं वेडंवाकडं काढलंत तर डोळे थांबतात. या क्रमानं बघा:

- जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, किती वर उचललेलं आहे? तळ सपाट आहे की वळणदार?
- वल्ही किती? दिसतात ती एकाच बाजूची, दुसऱ्या बाजूलाही तितकीच असणार.
- डोलकाठी आहे का? तिच्यावर कुणी आहे का?
- लढणारे कोण आणि वल्हवणारे कोण, हे शिल्पकारानं कसं वेगळं दाखवलंय? माणसांचा आकार बघा, हत्यारं बघा.
- मागच्या बाजूला सुकाणूसारखं काही दिसतं का?

उत्तरं मी मुद्दाम इथं लिहीत नाही. स्वतः मोजलेली वल्ही कायमची लक्षात राहतात.

हे वीरगळ कदंब राजवटीतले. ज्यांच्या नावानं आज गोव्याच्या सरकारी बस धावतात, तेच कदंब. त्यांचं बंदर गोपकपट्टण, झुवारीच्या काठी, म्हणजे मघाशी बाजूला ठेवलेलं ते गोवा वेल्हा. कदंबांच्या ताम्रपटांमधून एक प्रसंग कळतो. राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथच्या यात्रेला निघाला असताना जहाजाची डोलकाठी मोडली आणि त्याला गोपकपट्टणच्या बंदरात आसरा घ्यावा लागला. तिथल्या एका श्रीमंत अरब व्यापाऱ्यानं त्याला मदत केली. पुढे पहिल्या जयकेशीच्या काळात त्याच व्यापाऱ्याचा वंशज राज्याचा मोठा अधिकारी झाला. हा प्रसंग दगडापाशीच सांगावा. डोलकाठी शोधणाऱ्या मुलाला "अशीच एक मोडली होती" म्हटलं की दगडावरची रेघ एकदम लाकडाची होते.

> तपासा: या दगडापाशी निदान पंधरा मिनिटं गेली का? वहीत एक तरी जहाज आहे का? नसेल तर वर जाऊ नका, परत फिरा.

## ५. ब्राँझचे पुतळे

आल्बुकर्कचा मोठा ब्राँझचा पुतळा आणि कवी कामोंइशचा पुतळा, दोन्ही इथंच आहेत. लोक यांच्याशी सेल्फी काढण्यात वेळ घालवतात. दोन मिनिटं पुरेत.

आल्बुकर्कपाशी एक गोष्ट मात्र आठवा. 'आफोंसु द आल्बुकर्क' याच नावाची पोर्तुगीज युद्धनौका १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगावच्या बंदरात होती. आपल्या नौदलाच्या तोफांनी ती निकामी झाली आणि बांबोळीच्या बाजूला उथळ पाण्यात जाऊन बसली. ज्या माणसाची जहाजं १५१० च्या पावसाळ्यात मांडवीत अडकली, त्याच्या नावाचं जहाज शेजारच्या झुवारीच्या तोंडाशी संपलं.

## ६. वरचा मजला: साठ चेहऱ्यांतले पाच

वरच्या मजल्यावर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची साठच्या घरात चित्रं आहेत. ही रांग १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रो यानं सुरू करवली आणि पुढच्या प्रत्येकाची भर पडत गेली. एकेक करून सगळी बघणारा माणूस दहाव्या चित्रापाशी कंटाळतो. दाढ्या, चिलखतं, काळे झगे, सगळे सारखे वाटायला लागतात.

चेहऱ्याकडे कमी, सालाकडे जास्त बघा. या चित्रांवर शतकानुशतकं पुन्हा पुन्हा रंग चढवले गेले आहेत, त्यामुळे चेहऱ्यावर फार भिस्त ठेवू नका. नाव आणि वर्षं वाचा. धक्क्यावरचं वाऱ्याचं वेळापत्रक आठवा. लिस्बनहून नेमलेला माणूस पावसाळा सरल्याशिवाय इथं पोचत नसे, मग जुन्या व्हाइसरॉयची हुकमत कितीही नकोशी झालेली असो. समोरची सगळी रांग म्हणजे एका अर्थानं मोसमी वाऱ्याची नोंदवही आहे.

मी पाहुण्यांना ही पाच नावं शोधायला सांगते:

१. फ्रान्सिस्को द आल्मेदा, पहिला व्हाइसरॉय, १५०५ ते १५०९. किनाऱ्यावर किल्ले कमी ठेवा, समुद्रावर ताकद ठेवा, असं मानणारा. १५०९ मध्ये दीवच्या समुद्रात त्यानं इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या आणि गुजराती आरमाराचा पाडाव केला.

२. आल्बुकर्क, १५०९ ते १५१५. नेमकं उलट मत: मोक्याची बंदरं धरली पाहिजेत. गोवा १५१०, मलाक्का १५११, होर्मुझ १५१५. ही दोन चित्रं लागोपाठ बघा.

३. वास्को द गामा. १५२४ मध्ये तो व्हाइसरॉय म्हणून परत आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कोचीला वारला. कमानीवर एवढा मोठा पुतळा, पण कारभार काही महिन्यांचाच.

४. जुआंव द कास्त्रो, १५४५ ते १५४८. हा लढवय्या तर होताच, पण किनाऱ्याची, खोलीची, वाऱ्याची बारकाईनं टिपणं ठेवणारा दर्यावर्दीही होता.

५. कोंद द आल्व्होर, १६८१ ते १६८६. आपल्या लोकांनी हा चुकवू नये. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या माणसांनी रात्री ओहोटीला पाणी उतरल्यावर जुवे बेटावर उतरून तिथला किल्ला घेतला. जुवे इथून जवळच आहे. दुसऱ्या दिवशी चालून गेलेला आल्व्होर जखमी होऊन कसाबसा निसटला. महाराज घोड्यासह पाण्यात उतरले असता भरतीत सापडले आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, असं परंपरा सांगते. म्हणजे इथंही मुख्य पात्र पाणीच. ओहोटीनं वाट दिली आणि भरतीनं ती अडवली.

पाच झाली की बाकीच्यांवरून नजर फिरवा आणि खाली उतरा.

> सावध: वर गाइडची वाट बघत थांबू नका आणि दुसऱ्या कुणाच्या घोळक्यातही मिसळू नका. घोळका सालं वाचत नाही.

## ७. मधली सुट्टी

साडेबारा वाजत आले असतील. आता जेवा. रस्त्यापलीकडच्या साध्या खानावळीत राइस प्लेट मिळते: शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तळलेला बांगडा किंवा भाजी, सोलकढी. जेवण झाल्यावर, अंगात त्राण असेल तर से कॅथेड्रल आणि बॉम जेझू बघा. नसेल तर सेंट कॅथरिनच्या छोट्या चॅपेलपर्यंत जा. २५ नोव्हेंबर १५१० ला शहर पडलं, तो सेंट कॅथरिनचा दिवस. त्याची आठवण म्हणून ते बांधलं. तिथं गर्दी नसते, सावली असते.

## ८. फेरीबोट: उतरायच्या घाईत नदी चुकते

तीनच्या सुमारास सकाळच्याच धक्क्यावर या. समोरच्या दिवाडी बेटाला पूल नाही, फेरीबोटच. पायी माणसाला तिकीट नाही. चारचाकी नेणार असाल तर सुटे पैसे हाताशी ठेवा.

क्रम असा. आलेल्या बोटीतल्या गाड्या आणि माणसं आधी उतरू द्या. मग आपल्या गाड्या चढतील. पायी असाल तर कडेनं चढा आणि कठड्याच्या बाजूला उभे राहा, दुचाक्यांच्या मधे नको. मुलाचा हात धरा, फळी पूर्ण वर येईपर्यंत सोडू नका. बोट पलीकडे टेकायच्या आधीच इंजिनं सुरू होतात, तेव्हा पुढे घुसू नका.

नदी ओलांडायला काही मिनिटंच लागतात. म्हणून आधीच ठरवा की मागे बघायचं. बाहेरचे सगळे दिवाडीकडे तोंड करून उभे असतात. तुम्ही जुन्या गोव्याकडे तोंड करा. कमान लहान होत जाईल, झाडांच्या वर चर्चचे शेंडे निघतील. जहाजातून येणाऱ्याला शहर कसं दिसत असेल, याचा अंदाज इथूनच येतो, आणि त्याला कमानीतून आत का यावं लागत असेल तेही. नदीच्या वरच्या अंगाला, पूर्वेकडे, जुव्याची दिशा. पाण्याचा रंग आणि ओढ बघा: भरती चढते आहे की ओहोटी लागली आहे? बोट सरळ जाते की तिरकी घ्यावी लागते? बोटीवरच्या माणसाला विचारलंत तर तो नेमकं सांगेल.

> तपासा: उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून घ्या. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा ऐकीव माहितीवर राहू नका.

## ९. दिवाडीच्या पलीकडच्या टोकाला

हा टप्पा गाडी किंवा दुचाकी बरोबर असेल तरच घ्या. बेटाचं दुसरं टोक पायी गाठण्यासारखं नाही आणि रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका. वाहन नसेल तर पिएदादच्या टेकडीपर्यंत जाऊन नदी बघा आणि त्याच बोटीनं परत या.

वाहन असेल तर शेतांमधून बेट ओलांडून नार्वेच्या फेरीपर्यंत जा. कदंबांचं कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर. त्याचं मूळ देऊळ दिवाडीवरच होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि लिंग पुढे नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेण्यात आलं. तुम्हीही त्याच वाटेनं पाणी ओलांडणार आहात.

पलीकडे उतरून देवळाकडे जा. चप्पल बाहेर, आवाज हळू. आधी दारावरचा छोटा शिलालेख शोधा, बहुतेक जण त्याच्याखालून तसेच आत जातात. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार: छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं देवालयाचा प्रारंभ झाल्याची नोंद. इंग्रजी तारखेनं १३ नोव्हेंबर १६६८. अक्षरं देवनागरी आहेत, भाषा संस्कृत. सावकाश वाचली तर लागतात.

मग गाभाऱ्यासमोर उभे राहा आणि वही काढा. सकाळी दगडावर सगळ्यात वरच्या पट्टीत जे लिंग पाहिलंत, त्याच्या शेजारी हे ठेवून बघा. हे लिंग धारालिंग आहे, उभ्या पैलूंचं. ज्या राजांसाठी तो वीर समुद्रात पडला, ते राजे स्वतःला याच देवाचे वरदान मिळालेले म्हणवत.

इथून डिचोलीला रस्ता आहे, मुक्काम तिकडे असेल तर फेरीची चिंता नाही. पणजीला परतायचं असेल तर अंधार पडायच्या आत नार्वेचा धक्का गाठा.

## शुक्रवारीच अडकलात तर

रजा तेवढीच असेल आणि शुक्रवार टळणारच नसेल तर जुनं गोवं सोडून वास्कोजवळ बोगमाळोला जा. तिथलं नौदलाचं विमान संग्रहालय सोमवारी बंद असतं, शुक्रवारी नाही. उघड्यावर विमानं मांडली आहेत: सी हॉक, आलिझे, सी हॅरियर, आणि अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन. जहाजाच्या तोकड्या डेकवर ही विमानं कशी उतरवत, हे तिथं समजून घ्यायचं. विमानाच्या शेपटीखालचा हूक शोधा, आडव्या ताणलेल्या तारेत तो अडकवून विमान थांबवलं जाई. पंख कुठं दुमडतात ते बघा, जहाजावर जागा वाचवण्यासाठी ती सोय. उन्हाला काहीच आडोसा नसल्यानं सकाळीच जा किंवा चारनंतर. टोपी विसरू नका, तिथं चटका जबर बसतो.